एक हजार नऊशे बारा तास दारी

१२ जानेवारी २०२५, रविवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. शिवकन्येनं ही वही दिवाळीला दिली. उद्यापासून लिहितो म्हणालो होतो, आणि आता संक्रांत दोन दिवसांवर आली. लेकीची माफी मागावी की वहीची, कळत नाही. लेक म्हणाली होती, "बाबा, ही वही कुणी वाचणार न्हाई, मीबी न्हाई. तुमच्या मनात जे घोळतंय ते आईला सांगून तिचं डोकं पिकवू नका, इथं लिवा." म्हणून वहीचीच मागतो.

मी अंबाजी. वय सहासष्ट. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. राहणार बसवकल्याण. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतो. कलबुर्गीच्या एका एजन्सीनं इकडच्या खेड्यांत बायांना मशिनी वाटल्या आहेत. त्या चालत्या ठेवायचं काम चार वर्षांपासून माझ्याकडं आहे. आठवड्यातून तीन दिवस पिशवीत तेल, पेचकस, पट्टा घेऊन बसनं जातो.

चार वर्षं झाली तरी एजन्सीच्या कागदावर मी शिकाऊ आहे. हजार तास काम भरलं की शिकाऊ माणूस कायम होतो, आणि कायम झाला की त्याला दवाखान्याचं कार्ड मिळतं. मला वाटत होतं माझे हजार कधीच भरून गेले. परवा एजन्सीनं पहिल्यांदा डिसेंबरअखेरचा आकडा कळवला. चारशे अडतीस. शिकाऊपणाची मुदत चार वर्षांची असते, ती एकतीस मार्चला संपते. तोवर हजार भरले नाहीत तर 'काम शिकू शकला नाही' असा शेरा मारून नाव काढतात.

माझ्या बायकोच्या, राजूबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उन्हाळ्याच्या आत काढा म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. कार्डावर होईल, कार्डाशिवाय आमच्यानं होणार नाही. उजवा डोळा चांगला आहे असं ती म्हणते.

एजन्सीचे नियम कन्नडमध्ये आहेत. शिवकन्या कन्नड शाळेत शिकली, तिनं मला मराठीत करून दिलेत. येण्याजाण्याचा वेळ धरला जाणार नाही. ग्राहकाच्या दारात थांबावं लागलं तर तो वेळ कामाचा धरला जाईल. जे धरत नाहीत ते लिहून काय करायचं, म्हणून एजन्सीला पाठवायच्या कामाच्या चिठ्ठीवर मी बसमधला वेळ कधी लिहिला नाही. पण दारात मी किती बसलोय हे मला माहीत आहे. चारशे अडतीस कसे होतील? बेरीज चुकली असणार.

१५ जानेवारी

मंठाळला गेलो. सकाळी स्टँडवर बस अर्धा तास उभी होती. कंडक्टर फोनवर कुणाला तरी सारखं सांगत होता, "दारियाग अदेवरी, दारियाग." म्हणजे वाटेत आहोत. बस स्टँडवर आणि हा वाटेत. लोक किती सहज खोटं बोलतात. माझ्या मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "असू दे की, तिकडच्याला बरं वाटतंय."

मंगलच्या मशीनला टाका सुटतोय अशी तक्रार होती. पोचलो तर दाराला कुलूप. तुरीच्या राशीला गेली होती. मी ओट्यावर बसलो. समोर लिंबाची सावली चांगली होती, पण नियमात दारात असं लिहिलंय, सावलीत नाही. कुत्रं येऊन लिंबाखाली झोपलं. मी उन्हात बसलो.

मंगल दोनला आली. शटलमध्ये दोऱ्याचा गुंता होता, काढला. वीस मिनिटं. चिठ्ठी लिहिली. १० ते २ दारी. २ ते २.२० शटल साफ केले.

बसमध्ये, स्टँडवर, जाता येता मिळून साडेचार तास गेले. ही वही एजन्सीची नाही, म्हणून दर फेरीचे असे तास हिच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.

डब्यात भाकरीबरोबर चटणीऐवजी हळद निघाली. राजूबाई म्हणाली, घाईत झालं.

२० जानेवारी

चिठ्ठी परत आली. त्यावर लाल शाईनं कन्नडमध्ये शेरा. पोस्टमननं वाचून दाखवला. 'हे चार तास धरता येत नाहीत. लवकर पोचत जावे.' खाली सही, गुरुपादय्या. हे कलबुर्गीच्या ऑफिसातले कारकून. आवाज ओळखीचा, तोंड कधी पाहिलं नाही. बाकी सगळे मिस्त्री कन्नडमध्ये लिहितात, मी एकटा मराठीत. पण ते म्हणाले होते की शाळेत हिंदी होतं, तुमची अक्षरं मला लागतात, लिहा तुम्ही.

लवकर पोचत जावे. दहाला पोचतो हे उशिरा झालं असेल. उद्यापासून साडेपाचची बस धरतो.

२४ जानेवारी

साडेपाचच्या बसनं मंठाळ, मंगलच्याच मशीनची पुन्हा तक्रार. सव्वासातला मंगल घरातच होती, पण रानात निघाली होती. "अण्णा, आता मशीन उघडून बसलाव तर मी जाऊ कवा? बसा, दुपारी येते." कुलूप लावून गेली. सव्वासात ते दोन दारी. चिठ्ठीवर अक्षर मोठं काढलं. पूर्ण वेळ दारी.

प्रवास पाच तास.

२७ जानेवारी

गुरुपादय्यांचा फोन आला. त्यांचं मराठी तोडकं आहे, पण माणूस मायेनं बोलला.

"अंबाजी अण्णा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय साहेब."

"पावणेसात तास दारी. ह्या वयात."

"त्याला इलाज न्हाई साहेब. ती येस्तोवर बसावंच लागतंय."

"कोण ती? बस?"

"मंगल."

मग आवाज बारीक करून म्हणाले, "मंगल तुमाला दारी भेटती?"

"दारीच भेटती साहेब. मी कधी आत शिरलो न्हाई."

"घरात तिच्या कुणाला ठाव हाय का?"

"साऱ्या गल्लीला ठाव हाय. शेजारीण पाणी देती."

मग म्हणाले, "अण्णा, तुमी वडीलधारे. मी काय बोलू. पण दारी असं बसू नका. बसलं की वेळ जातोय. चालत राहा."

"चालत?"

"चालत राहिलं की माणूस पोचतोय."

मी बरं म्हणालो. दारात चालण्याचा नियम शिवकन्येच्या कागदावर नाही. नवीन निघाला असेल.

३० जानेवारी

खजुरी. जाताना बस बदलावी लागते, सगळे मिळून सहा तास.

कोंडाबाईच्या मशीनचा पट्टा सैल झाला होता. ती हरभरा काढायला गेलेली. तिचं अंगण आठ पावलांचं आहे. साडेनऊपासून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. बारापर्यंत शेजारच्या बाया येऊन भिंतीला टेकल्या. एकीनं मध्येच माझ्या पायावर पाणी घातलं आणि नमस्कार केला. मी नको नको म्हणालो तर म्हणाली, "बोलू नका अण्णा, मोडंल."

दीडला कोंडाबाई आली. डोक्यावरचं गाठोडं तसंच ठेवून बघत राहिली.

"मिस्त्री अण्णा, नवस बोललाव का काय?"

"ऑफिसचा आदेश हाय."

"माझ्या अंगणाचा?"

"दारात बसू नका, चालत राहा म्हणले."

"आवं, मग म्या तुमास्नी एक माठ देते, डोस्क्यावर घेऊन चाला. पाणी तरी भरंल."

पट्टा आवळायला दहा मिनिटं लागली. मग मी तिला म्हणालो, तुमची सही पाहिजे. मजकूर मी लिहिला. 'अंबाजी मिस्त्री हे साडेनऊ ते दीड आमच्या दारी चालत होते, एकदाही बसले नाहीत.' तिनं सही केली, खाली शेजारच्या तिघींचे अंगठे. आता कोण नाही म्हणेल?

घरी आल्यावर पिंडऱ्यांत गोळे आले होते. राजूबाईनं तेल चोळलं. चोळताना माझा पाय हातानं शोधत होती, मला वाटतं कंदील बारीक होता. नाही, दिवसच होता. लिहिताना चुकलं.

८ फेब्रुवारी

एजन्सीचं पत्र. पोस्टमननं वाचलं. 'आपण खजुरीस पायी जात असल्याचे चार साक्षीदारांकडून समजले. पायी जाण्याचा आदेश एजन्सीने दिलेला नाही. सोबत बसचे वेळापत्रक जोडले आहे.' मी पायी गेलो असं कुणी सांगितलं? कोंडाबाईकडून अशी अपेक्षा नव्हती. हसत होती, पण मनात काय असेल.

पुढं लिहिलंय की माझ्यासाठी मार्ग प्रशिक्षण ठेवलं आहे. प्रशांतकुमार हे सीनिअर मिस्त्री एक दिवस सोबत येऊन रस्ता दाखवतील.

प्रशांतकुमारला बॉबिन भरायला मी शिकवलं होतं. तो चार महिन्यांत कायम झाला, कारण त्याचं काम कलबुर्गी शहरातल्या एका इमारतीत आहे, जिन्यानं वरखाली. त्याच्या बायकोच्या दातांनाही कार्ड चाललं. मी राजूबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "दात बरे झाले न्हवं तिचे? मग झालं."

११ फेब्रुवारी

प्रशांतकुमारबरोबर ठाणाकुशनूर. बसवकल्याण ते भालकी, भालकी ते कमालनगर, तिथून पुढं तिसरी बस. परतताना तीच उलटी. साडेसात तास.

त्यानं खिशातून एजन्सीचा कागद काढला आणि लाजत म्हणाला, "अप्पा, तुमाला रस्ता शिकवायचा हाय."

"शिकव."

"ही बस हाय."

"बरं."

"हिच्यात चढायचं."

चढलो. कागदावर माझी सही घेतली. उतरताना पुन्हा घेतली. कमालनगरला बस कुठं लागते हे त्याला माहीत नव्हतं, मी दाखवलं. ते शिकल्याची सहीही माझीच झाली.

गावात पोचलो तर घर बंद. ज्वारीच्या काढणीचे दिवस. आम्ही दोघं उंबऱ्यालगत बसलो. तो म्हणाला, "अप्पा, हे रोज?"

"बहुतेक रोज."

"काय करता मग?"

"दाराकडं बघतो. घराघराचं दार वेगळं असतंय. हिच्या दाराला खालून वाळवी लागलीय, बघ. दोन वर्षांत जाईल."

तो तासभर झोपला. मी झोपलो नाही, एकानं तरी कामावर असावं. बाई आल्यावर मशीन मी दुरुस्त केली, त्यानं टॉर्च धरला. मग दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या लिहिल्या. मी लिहिलं, ११ ते ३ दारी. त्यानं कन्नडमध्ये लिहिलं आणि वाचून दाखवलं. अकरा ते तीन बागिलू, त्यात एक तास झोप. कन्नडमध्ये दाराला बागिलू म्हणतात, तेवढं मला कळतं. खरं लिहिणारा पोरगा आहे. झोपसुद्धा लपवली नाही.

आता सुटलो. एकाच दाराचे दोन कागद गेलेत.

१८ फेब्रुवारी

दोन्ही चिठ्ठ्यांचा निकाल आला. प्रशांतकुमारनं फोनवर सांगितला. त्याचे चार तास धरले, झोपेसकट. माझे धरले नाहीत. माझ्या चिठ्ठीवर शेरा असा की, 'प्रशांतकुमार ठिकाणी पोचले होते. आपण त्या वेळी पोचला नव्हता.'

"पण अप्पा, तुमी माझ्या बाजूलाच व्हता की," तो म्हणाला.

"तुला दिसलो व्हतो का नीट?"

"म्या झोपलो व्हतो थोडा. पण खांदा तुमचाच व्हता."

दिवसभर मला काही सुचलं नाही. मी लोहाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, पावलं मोजली. सहासष्टव्या वर्षी माणसाला काय काय होतं. एखादा गावात पोचला असं त्याला वाटत असेल आणि तो पोचलाच नसेल, असं होतं का? कुणाला विचारायची सोय नाही. दारात येऊन राजूबाईला विचारलं, "मी आलो का?"

ती चुलीपुढं होती. मान वळवली, माझ्या थोडं डावीकडं बघितलं. "आवाज तर आलाय," म्हणाली.

२ मार्च

बारा दिवस लिहिलं नाही. पाच ठिकाणी गेलो, दारी बसलो, एकूण प्रवास सत्तावीस तास. चिठ्ठीवर आता मी 'निश्चित दारी' असं लिहितो.

शिवकन्येचा उदगीरहून फोन. आईला द्या म्हणाली. मी फोन पुढं केला तर राजूबाईनं दोनदा हवेतच हात नेला. म्हणाली, फोन फार बारीक झालेत आजकाल. खरं आहे.

१० मार्च

राहवलं नाही, कलबुर्गीला ऑफिसात गेलो. नाव सांगितलं तसा गुरुपादय्या खुर्चीवरून उठले. पन्नाशीचे, कपाळाला विभूती. माझे दोन्ही हात धरले.

"पोचलात," म्हणाले.

आतल्या खोलीत हाक मारली, "अंबाजी अण्णा पोचले." चारपाच जण बाहेर आले. एका बाईनं पाणी दिलं, दुसऱ्यानं पंखा माझ्याकडं फिरवला. एकानं विचारलं कधी निघाला होता. आज सकाळी म्हणालो तर त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

गुरुपादय्यांनी फाईल दाखवली. माझी फाईल बाकी सगळ्यांच्या मिळून होईल तेवढी जाड. बोट ठेवून म्हणाले, "डिसेंबरअखेर काम, चारशे अडतीस तास. दारी, एक हजार नऊशे बारा तास. अण्णा, चार वर्षं. येवढं दारी राहून एक मशीन बंद पडू दिली न्हाई तुमी. मी कुणाला सांगितलं तर पटत न्हाई."

"तोच वेळ धरा म्हणतो साहेब. बाकी काय मागत न्हाई."

"तेच लिवलंय वर. दारीचा वेळ धरलाच पायजे, मानुसकी हाय का न्हाई. निकाल येईल महिनाअखेर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही. इतक्या दिवसांनी कुणाला तरी माझं म्हणणं कळलं. निघताना त्यांनी एक माणूस स्टँडपर्यंत सोबत दिला आणि त्याला कन्नडमध्ये बजावलं, बसमध्ये बसवूनच परत ये.

प्रवास साडेपाच तास. हलका वाटला.

२९ मार्च, शनिवार

शिवकन्या पाडव्यासाठी आली आहे. सकाळी एजन्सीचा जाड लिफाफा आला. तिनं ओट्यावर बसून आम्हा दोघांना मराठीत करून वाचला. जसं समजलं तसं लिहितो.

एका वयोवृद्ध कर्मचाऱ्याची चार वर्षांची नोंद पाहून एजन्सीला फार खेद झाला आहे. म्हणून रस्त्यावर गेलेला वेळ यापुढं कामाचा धरला जाईल, मागचासुद्धा. ग्राहकाच्या दारात थांबलेला वेळ मात्र यापुढं धरला जाणार नाही, मागचासुद्धा. कारण काही कर्मचारी तिथं झोपतात असं त्यांच्याच लेखी कबुलीवरून दिसून आलं आहे. सोबत माझ्या डिसेंबरअखेरच्या नोंदीचा कागद. काम ४३८, दारी १९१२. नोंद बरोबर आहे असं लिहून, सही करून एकतीस मार्चला पाठवावं.

मी भिंतीला टेकलो. रस्त्याचे तास मी चिठ्ठीवर कधी लिहिलेच नाहीत. दाराचे तेवढे लिहिले, आणि तेच बाद. म्हणालो, "संपलं. डोळा ऱ्हायला."

राजूबाई तांदूळ निवडत होती. ताटाकडं न बघता, बोटांनी. "आवं, तुमी चिठ्ठीवर लिवायलाव तरी काय?"

"खरं तेच लिवतो. अमुक ते अमुक, दारी."

तिची बोटं थांबली. "अजून एकदा म्हना."

"दारी."

"आता तेच त्या कलबुर्गीच्या अय्याच्या तोंडानं म्हना."

मी म्हणालो. ती हसायला लागली. तांदूळ सांडले. तिचं माहेर आळंदकडचं, लहानपणी घरात अर्धं कन्नड होतं. "दारी म्हंजी काय कन्नडात? रस्ता न्हवं? तुमी दारात बसायलाव आन् त्यो तिकडं म्हनतोय, म्हातारा अजून वाटंलाच हाय."

शिवकन्येच्या हातातून कागद पडला. त्या कंडक्टरपासून सगळे आठवले. मंगलचं मी गुरुपादय्यांना काय काय सांगितलं तेही आठवलं. कोंडाबाईच्या अंगणात मी चार तास चाललो, ते त्यांनी खजुरीच्या रस्त्यावर चालवले. चाळीस वर्षं मी दोन्ही भाषा बोलतो. दारात उभा राहिलो की मराठी, बसमध्ये चढलो की कन्नड. दोन्ही दारी कधी समोरासमोर आल्या नाहीत. माझ्या चिठ्ठीवर आल्या.

"आई, तुला एका झटक्यात कसं कळलं?" शिवकन्येनं विचारलं.

"मला अक्षर कुठं दिसतंय? म्या आपलं ऐकते."

मग शिवकन्येनं कागद उचलून पुन्हा बघितला आणि हळूच म्हणाली, "बाबा, चारशे अडतीस आणि एक हजार नऊशे बारा. तेवीसशे पन्नास झाले. तुमी कायम झालाव."

३० मार्च, पाडवा

गुढी राजूबाईनंच बांधली. साडी, लिंबाचा डहाळा, गाठी, सगळं चाचपून. लोटा पालथा घालताना दोनदा काठीचं टोक चुकलं. शिवकन्या माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. डावा की उजवा, हे मी आता विचारत नाही.

नोंद बरोबर आहे असं लिहायचं तर मी रस्त्यावर एकोणीसशे बारा तास होतो असं म्हणावं लागतं. त्या तासांत मी दारात होतो, देवाशपथ. नोंद चूक आहे असं लिहावं तर खरं होईल आणि कार्ड जाईल.

राजूबाईला सांगितलं, "खोटं लिवायचं म्हंजी."

"तुमी वाटंवर व्हताव का न्हाई?"

"व्हतो. पन ते तास न्हाईत, ते दुसरे."

"दुसरे कुठं हायत मग?"

मी ही वही आणली. शिवकन्या म्हणाली होती कुणी वाचणार नाही, पण तिलाच वाचायला लावली. जानेवारीपासून एकतीस फेऱ्या, बसमधले आणि स्टँडवरचे मिळून एकशे अडुसष्ट तास. तिनं चार वर्षांचा अंदाज काढला. कसाही काढला तरी तीन हजारांच्या खाली येत नाही.

म्हणजे रस्त्यावरही मी होतोच, आणखी जास्त. गुरुपादय्यांनी चुकीचे तास धरून बरोबर माणूस पकडला आहे.

शिवकन्या म्हणाली, पत्र मी कन्नडमध्ये लिहून देते. मी बराच वेळ विचार केला आणि नको म्हणालो. कन्नडमध्ये लिहायचं तर तिला एक शब्द निवडावा लागेल, दारी की बागिलू. माझ्या मराठीत निवडावं लागत नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी पत्र टाकलं. नक्कल इथं ठेवतो.

'रा. रा. गुरुपादय्या साहेब यांस अंबाजी मिस्त्री, बसवकल्याण यांचा नमस्कार. नोंदीचा कागद मिळाला. त्यात चारशे अडतीस तास काम लिहिले आहे, ते बरोबर आहे. त्यापुढे दारी असे लिहिले आहे. तो शब्द माझ्याच हातचा आहे आणि तो खरा आहे. आपण तो आपल्या भाषेत वाचलात तरी मी तिथे होतो, माझ्या भाषेत वाचलात तरी मी तिथे होतो. आपणास जे सोयीचे वाटेल ते धरावे. मंठाळच्या मंगलबाईंबद्दल आपला काही समज झाला असल्यास तो काढून टाकावा, त्या मला लेकीसारख्या आहेत. प्रशांतकुमार तासभर झोपले तेव्हा मी जागा होतो, म्हणून त्यांना बोलू नये. साहेब, घरात डोळ्यांचे काम अडले आहे. डोळा लिहिणार होतो, पण डोळे लिहितो. दिवस उन्हाचे आले आहेत. काय ठरेल ते लवकर कळवावे, फोन केला तरी चालेल, मी उचलतो. आपला निरोप येईपर्यंत मी दारीच आहे.'